मदत हवी आहे: जुन्या 8 बिट कन्सोलसाठी कबड्डीचा गेम

नमस्कार मंडळी. लहानपणी टीव्हीला जोडून कॅसेटवरचे गेम खूप खेळलो, पण त्यात कबड्डी कधीच नव्हती. ती आता स्वतः बनवायची मनापासून इच्छा आहे, निन्टेन्डोच्या एनईएस या जुन्या कन्सोलसाठी. सी भाषा जेमतेम येते, सीसी65 कंपायलर (सी मधला कोड कन्सोलला चालेल असा करून देणारा प्रोग्राम) बसवलाय. चढाईपटू पॅडवर हलतो आणि 30 सेकंदांचं घड्याळ चालतं. ते पहिल्यांदा चाललं तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं!

अडलंय ते बचावपटूंपाशी. या कन्सोलवर एका आडव्या ओळीत 8 च स्प्राइट (पार्श्वभूमीवर हलणारी, 8 पिक्सेल रुंद छोटी चित्रं) दिसतात. माझा खेळाडू 16 पिक्सेल रुंद, म्हणजे प्रत्येकी दोन स्प्राइट. सातजण शेजारी उभे केले की पाचव्यापासून पुढचे गायब! स्प्राइटचा क्रम दर फ्रेमला फिरवला तर दिसतात, पण लुकलुकतात. साखळी धरलेली कळतच नाही.

मैदान आडवं घेतलं तर बचावपटू एकाखाली एक येतील आणि प्रश्न बराच सुटेल. पण चढाईपटूच्या पाठीमागून दिसणारं दृश्य मला सोडवत नाही, निदानरेषा (चढाईपटूला ओलांडावी लागते ती रेषा) ओलांडतानाची धाकधूक त्यातच आहे. स्थिर उभे बचावपटू पार्श्वभूमीच्या टाइलमध्ये (ती ज्या चौकोनी तुकड्यांची बनते त्यांत) काढून, हलले की स्प्राइट करणं नवशिक्याला जमेल का? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.