मदत हवी आहे: पद्मिनीचा सोलेक्स कार्बोरेटर दुरुस्त करू की मारुती ८०० चा कार्बोरेटर बसवू?

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी दिवाळीपासून माझ्याकडे आहे. इंजिन मूळचंच, १०८९ सीसी. चार वर्षांपूर्वी बोअरचं काम झालंय, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं येतंय. पॉइंट, टायमिंग, ब्रेक जाम आहेत का, सगळं तपासून झालं. तरी फुल टँक ते फुल टँक तीनदा मोजलं, तर लिटरमागे साताऱ्यात ८ आणि हायवेला ११ किलोमीटरचं ॲव्हरेज. बाबांच्या वहीत याच गाडीचे आकडे ११ आणि १४ आहेत.

पिकअपचंही तेच. पसरणी घाटात तिसऱ्यावर पाय दाबला की आधी घुटमळते, मग उचलते. प्लग काढले तर काळे, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.

रविवारी सोलेक्स (पेट्रोल आणि हवा मिसळणारा मूळचा कार्बोरेटर) उघडला. मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक असलेला भाग) भिंगाखाली धरला, तर भोक गोल नाही, एका बाजूला ओढल्यासारखं लांबट. कुणीतरी कधीतरी तार घालून साफ केलाय. म्हणजे जेटवर कोरलेल्या आकड्याला आता काही अर्थ नाही. शिवाय थ्रॉटलचा स्पिंडल (हवेची झडप ज्यावर फिरते तो दांडा) हलतो. आयडलिंगला तिथे थोडं पेट्रोल शिंपडलं की आरपीएम बदलतात, म्हणजे तिथून हवा ओढतोय. (हे करायचं तर इंजिन थंड असतानाच करा.)

आमचे मेकॅनिक म्हणतात, ॲडॉप्टर प्लेट टाकून मारुतीचा बसवा. त्याला दोन नळ्या: सावकाश चालवताना लहान नळीवर काम भागतं, जोर लागला की दुसरी उघडते. ॲव्हरेजसाठी हे पटतं. पण तो ७९६ सीसीसाठी बनलेला. चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना त्याचा श्वास कोंडणार नाही ना? मॉरिस मायनरवाला मित्र एसयू कार्बोरेटर सुचवतो. त्यात पिस्टन आणि सुई गरजेप्रमाणे वरखाली होतात, त्यामुळे घुटमळणं कमी, हे खरं. पण तो आडवा बसतो, पद्मिनीचा मॅनिफोल्ड उभ्या कार्बोरेटरचा. मॅनिफोल्ड कापायला माझं मन धजत नाही.

तिसरी भानगड इथेनॉलची. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या मापाचा जेट मिश्रण पातळ करणार (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). मग नवा जेट मूळ मापाचा घेऊ की एक नंबर मोठा? आणि ॲक्सिलरेटर पंपाचा (पाय दाबला की जादा पेट्रोल टाकणाऱ्या छोट्या पंपाचा) पडदा या पेट्रोलला टिकेल असा कुठे मिळतो?

माझा कल सोलेक्सच्या स्पिंडलला बुश (झिजलेल्या भोकात बसवायची नळी) मारून, नवे जेट टाकून तोच ठेवण्याकडे आहे. बाबा उन्हाळ्यात इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर (तो तापू नये म्हणून) ओलं फडकं टाकून हीच गाडी महाबळेश्वरला न्यायचे, तेव्हाही हाच कार्बोरेटर होता.

पद्मिनीवर मारुतीचा कार्बोरेटर बसवलेल्यांनी आधीचं आणि नंतरचं ॲव्हरेज मोजलेलं असेल तर दोन्ही आकडे सांगा, आणि घाटात कशी ओढते तेही. पुणे-सातारा-कोल्हापूर भागात स्पिंडलला नीट बुश मारून देणारा कारागीर माहीत असेल तर फार उपकार होतील.