एसटीचं अर्धं तिकीट आणि रॉल्सचा न्याय: निबंधासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून तत्त्वज्ञानात एम.ए. करते आहे. लिंगभावविषयक एखादं सरकारी धोरण घेऊन ते न्यायाच्या सिद्धांतांवर तपासायचं, असा निबंध आहे. मी एसटीतली महिलांची ५० टक्के सवलत निवडली. १७ मार्च २०२३ पासून ती सुरू आहे, राज्याच्या हद्दीत साध्या गाडीपासून शिवनेरीपर्यंत मिळते आणि तिला उत्पन्नाची अट नाही. घोडं अडलंय ते या शेवटच्या मुद्द्यावर.

सुरुवात सोपी वाटली होती. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स म्हणतात, विषमता चालेल, पण सर्वांत तळाशी असलेल्यांचं तिच्यामुळे भलं होत असेल तरच. बायका तळाशी, म्हणून सवलत न्याय्य. दोन पानं झाली आणि ती मी दादाला वाचून दाखवली. तो मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात रोजावर काम करतो. तो म्हणाला, "एकाच बाकावर बसून मी ८० रुपये देतो आणि पगारदार तू ४०. आपल्या दोघांत तळाशी कोण?" मला उत्तर देता आलं नाही. ती दोन पानं फाडली.

तळाचे कोण हे रॉल्स मुख्यतः उत्पन्न आणि संपत्तीवरून ठरवतात. त्या हिशेबाने दादाचंच खरं. (लाडक्या बहिणीला निदान अडीच लाखांची मर्यादा तरी आहे.) मात्र ते असंही म्हणतात की मूलभूत हक्कच स्त्री-पुरुष बघून वाटले जात असतील, तर ती विषमता स्त्रियांच्या जागी उभं राहून तपासली पाहिजे. मग मनात येईल तेव्हा गावाबाहेर पडता येणं हा तसा हक्क धरायचा का? की ही माझीच ओढाताण?

स्त्रीवादी तत्त्वज्ञ सुझन मॉलर ओकिन वाचल्यावर थोडं उजेडात आल्यासारखं वाटलं. समाजात आपली जागा कोणती हे ठाऊक नसलेल्या माणसांनी न्यायाचे नियम ठरवायचे, ही रॉल्सची 'अज्ञानाच्या पडद्या'ची कल्पना; पण त्या पडद्यामागे त्यांनी बसवले ते कुटुंबप्रमुख, त्यामुळे उंबऱ्याच्या आत पैसा कुणाच्या हातात आहे हे मोजलंच जात नाही, असा त्यांचा आक्षेप. माझ्या मावशीचं घर कागदोपत्री बरं आहे, चार एकर बागायत आहे. पण साखर तपासायला तालुक्याला जायचं तर मुलाकडे भाडं मागावं लागायचं आणि तो "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायचा. आता अंडी विकून आलेल्या पैशांत ती एकटी जाऊन येते. उत्पन्नाची अट घातली असती तर पहिली तीच वगळली गेली असती. अमर्त्य सेन यांचं म्हणणं इथे मला फार पटतं: हातात काय आहे एवढंच बघू नका, त्यातून माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं ते बघा.

पण सेन यांच्याच मापाने दादाचं काय? कामावर जाण्यायेण्यात त्याची रोजची मजुरी झिजते, तीही खरीच अडचण आहे. मावशीची बाजू मांडताना त्याला खोटं पाडायचं नाहीये मला.

जाणकारांना दोन प्रश्न आहेत. सरसकट सवलतीचं समर्थन रॉल्सच्या चौकटीत राहून करता येतं का, की ओकिन आणि सेन यांच्याकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही? आणि ओकिन यांच्या मांडणीवर मराठीत काही लिहिलं गेलं आहे का? लेख, भाषण, काहीही चालेल. निबंध पुढच्या सोमवारी द्यायचा आहे, आणि त्याआधी रविवारी दादा घरी येणार आहे, त्याला नवा मसुदा वाचून दाखवायचा आहे.