ड्यूररने रेखाटलेली कॅथरिना: खाली झुकलेल्या नजरेचा अर्थ काय लावावा?

प्रश्न – कागदवेडी
जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने 1521 साली अँटवर्पमध्ये (आजच्या बेल्जियममधील बंदराचे शहर) काढलेले, आता फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात असलेले आफ्रिकी तरुणीचे रेखाचित्र आमच्या रसग्रहणाच्या वर्गात दाखवले गेले. केस युरोपीय पद्धतीच्या शिरोवस्त्रात पूर्ण झाकलेले, नजर खाली आणि कागदावर ‘कॅथरिना, वय 20 वर्षे’ अशी नोंद. ‘गुलामीचे दुःख’ असे म्हणून वर्गाने दोन मिनिटांत चित्र निकालात काढले, ते काही मला पटले नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर – जुनी वही
दुःख चेहऱ्यावर शोधण्याआधी ती कोणाच्या घरात होती ते पाहावे. पोर्तुगालच्या राजाचा अँटवर्पमधील व्यापारी प्रतिनिधी जुआंव ब्रांदांव याच्याकडे ती होती आणि बहुधा गुलाम म्हणूनच युरोपात आणली गेली असावी. मलबारची मिरी ज्या पोर्तुगीज व्यापारातून या शहरात उतरत होती, त्याच व्यापाराने माणसेही वाहून नेली. ड्यूररला तेथील पोर्तुगिजांकडून साखरेचे पदार्थ आणि ‘कालिकतचे’ म्हणून कापड भेट मिळाले. ज्या रोजनिशीत त्याने या वस्तू टिपल्या, तिच्यातच ‘त्याची’ म्हणजे ब्रांदांवची ‘मूर बाई’ (‘मूर’ हा तेव्हा आफ्रिकी लोकांसाठीही वापरला जाणारा शब्द) रेखाटल्याचीही नोंद आहे. त्या ओळीत तिला नाव नाही. चित्रावर आहे ते नावही ख्रिस्ती, म्हणजे बहुधा बाप्तिस्म्याच्या वेळी दुसऱ्यांनी दिलेले. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर सुनेचे नवे नाव लिहितात, त्याची मला आठवण झाली. अर्थात तुलना तेवढ्यापुरतीच.

उत्तर – रेघोटी
माध्यमही विचारात घ्यावे, असे सुचवतो. हे चित्र चांदीच्या टोकाने काढलेले आहे. लेप दिलेल्या कागदावर अशा टोकाने ओढलेली रेघ सहज पुसता येत नाही आणि दाब वाढवला तरी फारशी गडद होत नाही. त्यामुळे गालाची गोलाई दाखवायला बारीक रेघांवर रेघा रचत जावे लागते. अशा कामासाठी समोरच्या व्यक्तीला बराच वेळ हालचाल न करता बसावे लागते. पापण्या जड दिसण्यात त्या बैठकीचाही वाटा असू शकतो. मात्र नकार देण्याची मुभा तिला कितपत होती, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

उत्तर – कागदवेडी
दोघांचेही आभार. आपली उत्तरे वाचून त्याच वर्षी, त्याच शहरात ड्यूररने काढलेले पत्नी आग्नेसचे चित्र शोधून पाहिले. त्यावर त्याने स्वतःचे नाव, शहर, तिचा नेदरलँड्सचा पोशाख आणि लग्नाला झालेली 27 वर्षे असे सगळे लिहिले आहे. तिचा उल्लेख मात्र केवळ ‘पत्नी’ असा आहे. आपल्या जुन्या पत्रांत ‘आमचे कुटुंब’ लिहीत, तसेच. तेव्हा चित्रावर नाव घातले म्हणजे सन्मान केला, असे जे मी धरून चालले होते, ते मागे घेते. प्रतिष्ठित घरची स्त्री नवऱ्यावरून ओळखली जाई, म्हणून तिचे नाव लिहिण्याची गरज पडली नसावी. कॅथरिनाला मात्र ना आडनाव, ना गाव.