१ लाख १८ हजार चाललेली बॉक्स्टर: किती पैसे द्यावेत?

पन्हाळा_रोड

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, शिरोलीत आमचं पॅटर्न शॉप आहे, म्हणजे ओतकामासाठीचे नमुने बनवायचं. वय ४१. कॉलेजात असल्यापासून छत उघडणारी दोन सीटची गाडी घ्यायची इच्छा आहे. आता दोन्ही मुलांच्या फीची सोय झाली, शॉपवरचं कर्जही फिटलंय, म्हणून धीर केला.

शाहूपुरीतल्या एका गृहस्थांकडे पोर्शे बॉक्स्टर आहे. चंदेरी रंग, पेट्रोल, ऑटोमॅटिक. मूळ नोंदणी मुंबईची, फेब्रुवारी २००९. हे तिसरे मालक. त्यांनी २०१८ मध्ये घेतली तेव्हा १ लाख २ हजार किलोमीटर झाले होते, आज १ लाख १८ हजार आहेत. मागतायत २२ लाख. पुण्यात एका डीलरकडे २०१० ची, फक्त ३८ हजार चाललेली बॉक्स्टर ३४ लाखांना आहे.

वाघबीळमार्गे पन्हाळ्यापर्यंत चालवून आलो. घाटात गाडी जमिनीला चिकटून चालते. छत १२ सेकंदांत उघडलं. सकाळी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा थोडा पांढरा धूर आला, पाच-सहा सेकंदांत थांबला. टायरची नक्षी भरपूर आहे. गिअरचा आकडा ५ च्या पुढे गेला नाही, रस्ता छोटा म्हणून असेल.

घरी सगळे म्हणतात, लाखावर चाललेलं इंजिन म्हणजे संपलेलं. वडिलांचं तर ठाम मत आहे, पुण्याचीच बघ. किलोमीटरमागे किंमत कमी करायचा काही हिशेब असतो का? २२ लाख जास्त आहेत का? माझ्यासाठी ही रक्कम फार मोठी आहे, म्हणून सविस्तर विचारतोय.

गडहिंग्लजकर

भावा, आधी सर्व्हिसची बिलं माग. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. ती ओळीनं लावली की मीटर मागे फिरवलाय का ते कळतं. बिलं नसतील तर पुढं बोलूच नको.

उद्यमनगर_बोरिंग

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उद्यमनगरात माझं इंजिनच्या सिलिंडरचं बोरिंग आणि हेडचं काम आहे, ३१ वर्षं झाली. बहुतेक डिझेल इंजिनं. पण आडव्या सिलिंडरची ही बॉक्सर इंजिनंही तीन येऊन गेलीत माझ्या शेडवर, त्यामुळे थोडं अधिकारानं लिहितो.

किलोमीटर बाजूला ठेवा, आधी पाच गिअरचं बघू. २००९ मध्ये या गाडीत मोठा बदल झाला. बदलानंतरच्या ऑटोमॅटिकला सात गिअरचा पीडीके बॉक्स आहे, आधीच्या ऑटोमॅटिकला पाच गिअरचा टिपट्रॉनिक. वाघबीळच्या चढाला आकडा पाचावर थांबला म्हणजे रस्ता छोटा नव्हता, गिअरच पाच आहेत. माझा अंदाज, गाडी २००८ मध्ये तयार झाली आणि २००९ मध्ये नोंदली गेली. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि सीसी बघा. २६८७ असेल तर जुनं २.७ लिटर, २८९३ असेल तर नवं २.९. चासी नंबरचं दहावं अक्षर ८ असेल तर मॉडेल २००८ चं, ९ असेल तर २००९ चं.

बाहेरून या दोन गाड्या बहिणी वाटतात, आतून इंजिनं वेगळी. जुन्या इंजिनात क्रॅंक (पिस्टन फिरवतात तो शाफ्ट) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडतो तो) यांच्यामध्ये एक मधला शाफ्ट असतो. त्याच्या एका टोकाला सीलबंद बेअरिंग आहे. ते निकामी झालं तर टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात जातं. २००५ पर्यंतची लहान बेअरिंगं त्यासाठी बदनाम आहेत. २००६ ते २००८ ची मोठी आहेत, ती फारच कमी जातात, पण इंजिन फोडल्याशिवाय ती बदलता येत नाहीत. २००९ च्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. म्हणून पुण्याची २०१० ची गाडी आणि ही गाडी एका तराजूत घालूच नका. ३४ मधून किलोमीटरचे पैसे वजा करून २२ आले, असा हिशेब त्या मालकांनी केला असेल तर पायाच चुकलाय.

आता किलोमीटर. १६ वर्षांत १ लाख १८ हजार म्हणजे वर्षाला साडेसात हजारसुद्धा नाही. महिन्याला पुण्याची एक फेरी आणि थोडं गावात फिरणं. त्यानं इंजिन संपत नाही. पण तुमचेच आकडे नीट मांडा. पहिल्या नऊ वर्षांत १ लाख २ हजार, म्हणजे गाडी नियमित चालत होती, इंजिन गरम होत होतं, तेल फिरत होतं. नंतरच्या सात वर्षांत फक्त १६ हजार. मला त्या लाखाची काळजी नाही, या १६ हजारांची आहे.

बेळगावची एक पिवळी बॉक्स्टर माझ्याकडे आली होती, मीटरवर ४६ हजार. मालकानं कौतुकानं शेडमध्ये कव्हर घालून ठेवली होती. क्रॅंकचं मागचं सील सुकून तेल गळत होतं, कूलंटची प्लॅस्टिक टाकी तडकलेली, पेट्रोलचा पंप अडकलेला, ब्रेकच्या डिस्कवर गंजाचे खड्डे. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो. कमी चाललेली म्हणून त्यानं जास्त पैसे दिले होते.

धुराचं सांगतो. सिलिंडर आडवे असल्यानं गाडी उभी राहिली की थोडं तेल आत झिरपतं आणि सुरू करताना जळतं. पाच-सहा सेकंद धूर चालतो. ढगासारखा दाट येत राहिला आणि इंजिन अडखळलं तर मात्र तेल-हवा वेगळी करणारा सेपरेटर गेला समजा. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण काढून बघा. आतून जोरात ओढलं जाऊन निघता निघत नसेल तर तोच दोष.

तेलाचा फिल्टर काढायची परवानगी मागा. आतला कागद उलगडून उन्हात धरा. पितळी किंवा चंदेरी चमक दिसली, म्हणजे आत धातू झिजतोय, तर नमस्कार करून परत या. चुंबकही फिरवा. मालक फिल्टर काढू देत नसतील तर मी तरी ती गाडी घेणार नाही.

पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत टॉर्च मारा. रेडिएटर तिथं आहेत आणि त्यांच्या पुढं एसीचे कंडेन्सर. आपल्याकडं गळीत हंगामात महामार्गावर ट्रॉल्यांतून उसाचं पाचट उडतं, ते थेट तिथं जाऊन बसतं आणि पावसात कुजतं. त्यानं जाळी खाल्ली जाते. टायरवर चार आकडे असतात, आधी आठवडा आणि मग साल. नक्षी भरपूर असून टायर जुने असले तर ते बदलायचेच, हा खर्च धरून चाला.

सहावी_गल्ली

काकांनी इंजिनचं सांगितलं, मी पाण्याचं सांगते. मी विम्याची सर्व्हेअर आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीत गाड्यांचे क्लेम केलेत. गाडी २०१८ पासून शाहूपुरीत आहे हे वाचल्यावर मी थांबलेच. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली होती, राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ आहे. आमच्या भागात तळघरातली पार्किंगं छतापर्यंत भरली होती. जुलै २०२१ ला पुन्हा तेच.

मालकांना थेट विचारा की त्या दोन्ही वेळी गाडी कुठं होती. आणि उत्तरावर न थांबता स्वतः बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागावर गाळाची रेघ राहते, ती धुऊनही जात नाही. सीटच्या रेल्सचे बोल्ट, कार्पेटखालचा फोम, पुढच्या डिकीचा तळ हाताने चाचपा. या गाडीचं इंजिन मध्यभागी आणि खाली आहे, दारामागच्या जाळीतून हवा घेतं. पाणी तिथपर्यंत चढलं असताना कुणी सुरू करायचा प्रयत्न केला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. छताच्या कोपऱ्यात पाणी वाहून जायच्या नळ्या असतात, त्या पानांनी तुंबल्या तरी पाणी सीटखाली साचतं. तो पूर नव्हे, पण वायरिंगचं नुकसान तसंच.

मागच्या सगळ्या पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर सलग असेल तर निदान त्या पॉलिसींवर क्लेम झालेला नाही.

आणि एक अगदी महत्त्वाचं. फेब्रुवारी २००९ ची नोंदणी म्हणजे १५ वर्षं फेब्रुवारी २०२४ ला पूर्ण झाली. नूतनीकरण केलंय का? आयात केलेल्या चारचाकीची त्याची फी ४० हजार आहे, शिवाय पर्यावरण कर, आणि उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये. २० वर्षांनंतर तीच फी ८० हजार. नूतनीकरण नसेल तर गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. अपघात झाला तर क्लेमला फार त्रास होतो, मी तो लोकांना होताना बघितलाय.

पन्हाळा_रोड

काका, ताई, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. सगळं छापून खिशात घेऊन गेलो.

आरसीवर सीसी २६८७, उत्पादन ११/२००८. काकांनी गिअरवरून ओळखलं ते शंभर टक्के खरं निघालं. मालकांनाही हा फरक माहीत नव्हता, ते मनापासून २००९ ची गाडी म्हणूनच विकत होते. नूतनीकरण झालंय, फेब्रुवारी २०२९ पर्यंत.

पुराचं विचारलं तर म्हणाले, दोन्ही वेळा इशारा पातळी ओलांडली त्या रात्रीच गाडी उजळाईवाडीला भावाकडं नेली होती. बेल्ट ओढून बघितले, पांढरेशुभ्र. रेल्सच्या बोल्टना गंज नाही. फोम कोरडा. बोनस सलग.

फिल्टर त्यांनी आनंदानं काढू दिला. उद्यमनगरात काकांच्या शेडवरच गेलो, काकांनी स्वतः कागद उलगडला. चमक नाही, चुंबकाला काही नाही. झाकणही सहज निघालं.

वाईट बाजू अशी. ९९ हजारांपर्यंतची बिलं मुंबईची, एकही सर्व्हिस चुकलेली नाही. त्यानंतर फक्त तेल आणि फिल्टर, तेही स्थानिक. प्लग शेवटचे कधी बदलले याची नोंद नाही. टायरवर १४१९, म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. उजव्या रेडिएटरसमोर पाचटाचा अक्षरशः गोळा होता, कंडेन्सर खालच्या कोपऱ्यात खाल्लेला. कूलंटच्या टाकीवर पांढरे ओघळ. पुढच्या चाकांना धरणारे खालचे आर्म ढिले आहेत, खड्ड्यात टकटक येते. मुंबईच्या एका स्वतंत्र गॅरेजकडून पार्टसह कोटेशन घेतलं. टायर, कंडेन्सर, टाकी, वॉटर पंप, प्लग आणि कॉइल, आर्म, ब्रेक, गिअरबॉक्सचं तेल, सगळं मिळून ४ लाख ८० हजार.

उद्यमनगर_बोरिंग

फिल्टरचा कागद बघून मलाही बरं वाटलं. आता किमतीचं बोलू.

या इंजिनाची, चांगल्या अवस्थेतली, काम न निघणारी गाडी असती तर माझ्या मते २१ पर्यंत ठीक होती. त्यातून कोटेशनचे ४.८० वजा करा, १६.२० राहतात. त्यातूनही थोडं खाली या, कारण ते बेअरिंग आत आहे आणि बाहेरून त्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. मी १५.५० ला सुरुवात करून १६.२५ ला थांबलो असतो. लाखावर चालली म्हणून त्यात एक रुपयाही कमी करू नका, आधीच्या मालकांनी नियमित चालवल्याचा तो पुरावा आहे. पुढं विकताना मात्र तोच आकडा गिऱ्हाईक तुम्हाला ऐकवणार, हे आजच धरून चाला.

टोकन द्यायच्या आधी एक काम राहिलंय. प्लग काढून सहाही सिलिंडरमध्ये बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, घालायचा. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पडायची तक्रार मोठ्या ३.४ लिटरच्या इंजिनाला जास्त, २.७ ला क्वचित. पण बघायचंच. स्कोप माझ्याकडं आहे, पैसे नकोत.

घेतलीत तर पंधरा दिवसांतून एकदा तरी गगनबावड्यापर्यंत न्या, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. आणि तेल वर्षाला बदला, किलोमीटर झाले नसले तरी.

पन्हाळा_रोड

काल रविवारी स्कोप घातला. वडील स्वतः आले होते, स्क्रीनवर सहाही सिलिंडर त्यांनी बघितले. चौथ्यात कार्बन थोडा जास्त, बाकी भिंतींवर मूळ होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात सिलिंडर घासतानाच्या, आडव्यातिडव्या रेघा स्पष्ट दिसतात. वडील पॅटर्नच्या कामातले, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. ते एवढंच म्हणाले, "हे मशीन वापरलंय, झिजवलेलं नाही."

मालकांसमोर कोटेशन आणि पाचटाचा फोटो ठेवला. ते १८ वर आले, मग चहा झाला, मग १६.५०. काकांच्या आकड्यापेक्षा २५ हजार वर आहे, पण दुसरी किल्ली, मुंबईची सगळी बिलं आणि मूळ हार्डटॉप (वरून बसवायचं पक्कं छत) ते सोबत देतायत. ५१ हजार टोकन दिलं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या गुरुवारी. गाडी आधी ट्रकवर चढून मुंबईला कामाला जाईल, तोपर्यंत चालवणार नाही.

ताई, विमा नावावर करताना त्यांचा बोनस माझ्याकडं येत नाही ना? १४ दिवसांत ट्रान्सफर करायचं असतं एवढं ऐकलंय.

सहावी_गल्ली

बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो त्यांच्याकडंच राहील, तेवढा फरकाचा हप्ता तुम्हाला भरावा लागेल. १४ दिवस बरोबर आहे. ट्रकवर चढवायच्या आधी पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्या, आणि चढवताना चारही बाजूंनी फोटो काढा.