शाळा सुटल्यानंतर बाहेरच्या अकादमीच्या वर्गात मूल जखमी झाले, तर शाळेची जबाबदारी किती?

मृण्मयी (धागाकर्ती)

माझी मुलगी तिसरीत असताना घडलेला प्रसंग आधी थोडक्यात सांगते, कारण माझे मत त्यातूनच तयार झाले आहे. तिची शाळा दुपारच्या सत्रातली, साडेपाचला सुटणारी. पावणेसहा ते पावणेसात या वेळेत शाळेच्याच प्रांगणात बाहेरची एक अकादमी स्केटिंगचा वर्ग घेत असे. वर्गाचे परिपत्रक शाळेच्या लेटरहेडवर आले होते आणि त्यात ‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी’ असे शब्द होते. शुल्क शाळेच्याच खिडकीवर भरायचे, मात्र पावती अकादमीच्या नावाची मिळायची. मुले शाळा सुटल्यावर घरी न जाता वर्गातून थेट प्रांगणात जात.

जुलैतल्या एका संध्याकाळी पत्र्याच्या शेडमधून गळालेल्या पाण्यावरून ती घसरली आणि डाव्या कोपराच्या वरचे हाड मोडले. २२ मुलांमागे एकच प्रशिक्षक होते. प्रथमोपचाराची पेटी कार्यालयात होती आणि कार्यालयाला कुलूप होते. पहारेकऱ्याकडे फक्त मोठ्या फाटकाची किल्ली होती. प्रशिक्षकांकडे माझा फोन क्रमांक नव्हता. तो शाळेच्या नोंदवहीत होता, आणि ती नोंदवहीही कुलपाआड. शेवटी दुसऱ्या एका मुलाला न्यायला आलेल्या त्याच्या आईने मला फोन केला. मी पोहोचले तेव्हा पडून चाळीस मिनिटे झाली होती आणि लेक पायरीवर बसून मोडका हात दुसऱ्या हाताने धरून होती. पायातले स्केट्सही कुणी काढले नव्हते. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून दोन तारा घालाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी सांगितले की शाळा साडेपाचला सुटली, त्यानंतरचा वर्ग शाळेचा नाही. अकादमीने मी सही केलेला अर्ज पुढे केला, ज्यात ‘कोणत्याही इजेस अकादमी जबाबदार राहणार नाही’ अशी ओळ होती.

स्केटिंग म्हटले की पडणे आले, हे मला मान्य आहे आणि निव्वळ पडण्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. परंतु गळकी शेड, बंद पेटी, न मिळालेला फोन क्रमांक आणि एका माणसाच्या भरवशावर सोडलेली २२ मुले या चारही गोष्टी आधी टाळता येण्याजोग्या होत्या, आणि त्यातल्या तीन तर फक्त शाळेच्याच हातात होत्या. म्हणून माझे म्हणणे असे आहे की आपल्या आवारात, आपल्या नावावर विश्वास ठेवून आलेल्या मुलांची जबाबदारी शाळेला घंटा वाजल्याबरोबर दुसऱ्याच्या अंगावर टाकता येऊ नये.

जुना_चिटणीस

मृण्मयीताई, मुलीला जे सोसावे लागले त्याबद्दल मनापासून वाईट वाटते. तरीही तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही, आणि त्यामागे तालुक्याच्या गावातील एका अनुदानित शाळेच्या संस्थेत ११ वर्षे चिटणीस म्हणून केलेले काम आहे.

आमच्या गावात मुलांना खेळायला शाळेच्या मैदानाखेरीज दुसरी मोकळी जागा उरलेली नाही. संध्याकाळी तिथे कराटे, खो-खो आणि मल्लखांब चालतो. वेतनेतर अनुदान तुटपुंजे आणि तेही वेळेवर न मिळणारे, त्यामुळे या वर्गांकडून येणाऱ्या महिन्याच्या ३,००० रुपयांत आम्ही मैदानावरच्या दिव्यांचे बिल भागवतो; त्यात नफा कसलाही नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलाचा दात पडला, पालकांनी संस्थेला नोटीस पाठवली आणि घाबरलेल्या कार्यकारिणीने ठराव करून मैदानाला कुलूप लावले. पुढची दोन वर्षे तीच मुले बसस्थानकासमोरच्या रस्त्यावर क्रिकेट खेळत होती. सगळी जबाबदारी शाळेवर टाकली की अकादम्या सुधारतील असे तुम्हाला वाटते. मला मात्र फाटके बंद झालेली दिसतात.

कायद्याच्या दृष्टीनेही फरक करायला हवा. करार पालक आणि अकादमी यांच्यात झालेला असतो. शाळा केवळ जागा वापरायला देते, आणि सभागृह लग्नाला दिले म्हणून स्वयंपाक्याच्या चुकीला संस्था जबाबदार ठरत नाही. ज्या परदेशी निकालाचा अशा चर्चांत हमखास दाखला दिला जातो, तो इंग्लंडमधील एसेक्स काउंटीचा २०१३ चा निकालसुद्धा शाळेच्या वेळेतील, अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या पोहण्याच्या तासाबद्दल आहे. शाळेच्या वेळेबाहेर स्वतंत्र कंत्राटदार घेत असलेल्या अवांतर उपक्रमांत त्या कंत्राटदाराकडून झालेल्या हलगर्जीपणाला शाळा जबाबदार राहणार नाही, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे.

न्यायपथ

मी दिवाणी बाजूची वकिली करते. चिटणीस साहेबांनी एसेक्सच्या निकालातील अपवाद अचूक सांगितला आहे, पण त्याआधीचा भाग सांगितल्याशिवाय तो अपवाद नीट कळत नाही.

२००० साली बॅसिल्डन येथील तलावात शाळेच्या पोहण्याच्या तासाला दहा वर्षांची मुलगी बुडता बुडता वाचली, पण तिच्या मेंदूला कायमची गंभीर इजा झाली. तास स्वतंत्र कंत्राटदाराची माणसे घेत होती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जिथे मूल असुरक्षित आहे, शाळेशी त्याचे आधीपासून नाते आहे, काळजी कशी घेतली जाते यावर त्याचे स्वतःचे काही नियंत्रण नाही आणि शाळेने स्वतः स्वीकारलेले काम मुलाच्या ताब्यासह दुसऱ्याकडे सोपवले आहे, तिथे ते काम सोपवले तरी कर्तव्य सोपवता येत नाही. म्हणजे तिथला कळीचा प्रश्न ‘हे काम शाळेने स्वतःचे म्हणून स्वीकारले होते का’ असा आहे, आणि शाळेची वेळ ही ते ओळखण्याची एक खूण आहे. लेटरहेडवरचे परिपत्रक, शाळेच्या खिडकीवर भरलेले शुल्क आणि वर्गातून थेट प्रांगणात गेलेली मुले पाहता ‘आम्ही फक्त जागा दिली’ हा बचाव मृण्मयी यांच्या प्रकरणात मला लंगडा वाटतो. चिटणीस साहेबांच्या मैदानावर गावातली कोणतीही मुले येत असतील आणि पालक परस्पर प्रशिक्षकाला पैसे देत असतील, तर तोच बचाव बराच भक्कम ठरेल. अर्थात हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही.

आपल्याकडचे म्हणाल, तर १९९५ साली बियास नदीवर सहलीला नेलेली एका शाळेची १४ मुले बुडाली. त्या प्रकरणात प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपयांची भरपाई २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि शिक्षकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी शाळेवर ठेवली. ते शिक्षक शाळेचे स्वतःचे होते, हे मी मान्य करते. बाहेरच्या माणसांविषयी मला रुग्णालयांचे उदाहरण जास्त जवळचे वाटते: डॉक्टर पगारी असो वा तात्पुरता बोलावलेला, रुग्णालय जबाबदारी टाळू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली म्हटले आहे, कारण रुग्ण रुग्णालयाकडे पाहून आलेला असतो. पालकही शाळेकडे पाहूनच मुलाला त्या वर्गात घालतात.

फौजदारी बाजूने बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७५ आहे. मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात किंवा नियंत्रणाखाली आहे त्याने त्याची अशी हेळसांड केली की त्याला विनाकारण शारीरिक वा मानसिक त्रास व्हावा, तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या शालेय सुरक्षा मार्गदर्शक सूचनांचा रोखही मुलांच्या सुरक्षेबाबत शाळा व्यवस्थापनाला उत्तरदायी धरण्याकडेच आहे. प्रत्येक अपघात कलम ७५ मध्ये बसत नाही, आणि कोपर मोडल्याबरोबर पोलीस ठाण्यात जा असा सल्ला मी कुणाला देणार नाही.

ग्राहक आयोगाबद्दल एक बारकावा. राष्ट्रीय आयोगाने २० जानेवारी २०२० रोजी ठरवले की शिक्षणसंस्थांचे सहशालेय उपक्रम, पोहणे आणि खेळ हेसुद्धा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. लखनौच्या एका शाळेच्या २००७ च्या उन्हाळी शिबिरात मुलगा बुडाला, त्याच्या वडिलांची तक्रारही अशीच फेटाळली गेली. त्यांचे अपील २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतले. म्हणजे ग्राहक आयोगात शाळेला सांगावे लागते की हा उपक्रम आमच्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि दिवाणी न्यायालयात सांगावे लागते की हा उपक्रम आमचा नव्हेच. या दोन्ही भूमिका एकाच शाळेला एकाच अपघाताबद्दल घेता येणार नाहीत, आणि दाव्यात मी सर्वात आधी यावरच बोट ठेवीन.

सही केलेल्या अर्जाचे फार दडपण घेऊ नका. निष्काळजीपणाची जबाबदारी आधीच झटकणारी अट मुलाच्या विरुद्ध न्यायालयात टिकवणे माझ्या मते अवघड आहे. शिवाय मूल अज्ञान (कायद्याने अल्पवयीन) असल्यामुळे त्याच्या दाव्याची मुदत ते सज्ञान झाल्यानंतर ३ वर्षांपर्यंत राहते.

मैदानी

मी १४ वर्षे शाळांच्या आवारात वर्ग घेतो. शिकवताना माझी चूक झाली तर ती माझी. शाळेला त्यात ओढणे मला प्रशिक्षक म्हणून कमीपणाचे वाटते. पण आतापर्यंत ज्या ९ शाळांत मी वर्ग घेतले, त्यांतल्या एकाही शाळेने माझे प्रमाणपत्र मागितले नाही, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झाले आहे का हे विचारले नाही, विम्याचा विषय काढला नाही. भाडे किती देणार, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने विचारला. दहा-बारा मुलांमागे एक प्रशिक्षक ठेवला तर त्या भाड्यात वर्ग परवडत नाही, हे भाडे ठरवणाऱ्याला ठाऊक असते. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळेत काम करणाऱ्यांची चारित्र्य पडताळणी सक्तीची केली, ते योग्यच झाले. पण चांगल्या चारित्र्याच्या माणसाला मोडलेल्या हाताला फळी बांधता येतेच असे नाही.

प्राथमिक_शिक्षिका

वकील ताईंचे म्हणणे पटत असूनही मी विरोधात लिहीत आहे. ‘शाळा जबाबदार’ हे शब्द कागदावर संस्थेला उद्देशून असतात, पण ते खाली उतरत उतरत अखेर वर्गशिक्षिकेपाशी येऊन थांबतात. असा नियम झाला की दुसऱ्याच दिवशी ‘संध्याकाळच्या वर्गाला एका शिक्षिकेने आळीपाळीने थांबावे’ अशी सूचना निघेल. मतदारयाद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे हे सगळे आम्ही करतोच. त्यावर आणखी दीड तास, तोही मानधनाशिवाय, आणि ज्या खेळातले मला काही कळत नाही त्यातल्या अपघाताचा जबाबही मीच द्यायचा. मुलांबद्दल मला कमी कळवळा आहे असे कृपया समजू नये. मला माझ्या वर्गातल्या ४७ मुलांची नावे, त्यांचे दमे आणि त्यांच्या ॲलर्जी पाठ आहेत.

जुना_चिटणीस

न्यायपथ ताई, लेटरहेड आणि खिडकीचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. आपल्या नावावर प्रवेश गोळा करायचे आणि नंतर नाव काढून घ्यायचे, हे संस्थेला शोभत नाही. मात्र जिथे शाळेने खरोखरच केवळ जागा दिली आहे, तिथे शिकवण्यातल्या चुकीची भरपाई शाळेने द्यावी हे मला अजूनही अन्यायाचे वाटते. पडकी भिंत, उघडी वायर, गळके छत हे आमचे. चुकीची उडी मारायला लावली, हे प्रशिक्षकाचे.

एक उपयोगी गोष्ट इथे नोंदवतो. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०१३ पासून आहे. २०२२ च्या सुधारणेनुसार अपघाती मृत्यूसाठी दीड लाख रुपये आणि शस्त्रक्रिया करावी लागल्यास प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त एक लाख रुपये, मिळतो. प्रस्ताव शाळेमार्फत जातो. मृण्मयीताई, तुमच्या शाळेने तो पाठवला होता का?

मृण्मयी (धागाकर्ती)

नाही. या योजनेचे नाव मी आज पहिल्यांदा ऐकते आहे.

शिक्षिका ताई, तुमचा आक्षेप वाचून मी बराच वेळ थांबले, कारण मुलीच्या वर्गशिक्षिका रुग्णालयात भेटायला आलेल्या एकमेव व्यक्ती होत्या. तुम्हाला आणखी दीड तास बसवून ठेवणे मला मुळीच नको आहे. पहारेकऱ्याला पेटी आणि पालकांच्या क्रमांकांची यादी देणे, प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र व विमा पाहिल्याशिवाय जागा न देणे आणि मुलांच्या संख्येवर मर्यादा घालणे ही कामे संस्थेची आहेत, आणि ती भाडे ठरवतानाच करता येतात. त्यासाठी एकाही शिक्षिकेला थांबावे लागत नाही.

चिटणीस साहेब, तुम्ही केलेली वाटणी मला जवळपास मान्य आहे. फक्त एक गोष्ट तिच्यात बसत नाही. प्रशिक्षक निवडला शाळेने. २२ मुलांना एक माणूस पुरेल का, हे पाहायची संधीही रोज साडेपाचला शाळेलाच होती. मला ती नव्हती, कारण पालकांना फाटकाच्या आत येऊ देत नाहीत. म्हणून शिकवण्यातली चूक प्रशिक्षकाची असली, तरी त्याला निवडण्यातला हलगर्जीपणा शाळेचाच राहतो, असे मला वाटते. तुमच्या मैदानाला पुन्हा कुलूप लागावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. माझी मुलगी आजही स्केटिंगला जाते, दुसरीकडे. डावा हात पूर्ण सरळ होत नाही, थोडा वाकलेला राहतो.

आमच्या शाळेने प्रथमोपचाराची पेटी आता पहारेकऱ्याच्या खोलीत आणली आहे. पालकांच्या क्रमांकांची यादी अजून कार्यालयातच आहे आणि कार्यालय साडेपाचला बंद होते. उद्या योजनेच्या प्रस्तावाबद्दल विचारायला जाणार आहे, तेव्हा यादीचेही लेखी देऊन पोच घेईन.