'जीव' शब्दाचा वाक्छल

गर्भपाताच्या वादात 'गर्भ हा जीव असतो, म्हणून गर्भपात हा खूनच' असा मुद्दा येतो. त्यात 'जीव' शब्द दोन अर्थांनी आलाय: आधी जिवंत पेशी, मग हक्क असलेली व्यक्ती. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, शब्दाचा अर्थ असा बदलण्याला वाक्छल म्हणतात. 'नवकंबल' (कंबल म्हणजे घोंगडी) मधला 'नव' म्हणजे नवा की नऊ, तसंच. गर्भ व्यक्ती आहे का, हाच तर वाद. तेच गृहीत धरलं की साध्यसम दोष होतो, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच कारण म्हणून दिलं जातं. 'कायद्यात बसतं, म्हणजे योग्यच' हेही तितकंच लंगडं.

सगळ्यात मोठा घोळ 'गर्भपाताच्या परवानगीमुळेच मुली कमी झाल्या' या वाक्यात आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. लिंगनिदानाला बंदी १९९४ च्या कायद्यानं, गर्भपाताला अटींसह मुभा १९७१ च्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ मध्ये ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं. दोन्ही कायदे केंद्राचे. कर्नाटकातल्या निपाणीत एक आणि महाराष्ट्रातल्या कागलात दुसरा असं नाही, हे आपल्या सीमाभागात वारंवार सांगावं लागतं. म्हणून असा दावा कुणी केला की आधी विचारा: लिंग पाहून केलेल्या गर्भपाताबद्दल बोलताय की सगळ्याच? उत्तराप्रमाणे पुरावाही वेगळा लागेल.