मदत हवी आहे: 'गो/सुट्टी' टाकलं की गूगल सर्च उघडतो

वेर्णा_शिफ्ट: ऑफिसात छोट्या लिंका सुरू केल्यात. गो/सुट्टी म्हणजे रजेचा अर्ज, गो/पगार म्हणजे पगाराची स्लिप, गो/बस म्हणजे कंपनीच्या बसच्या वेळा. महिनाभर मस्त चाललं. आता निम्म्या लोकांकडे नुसता गूगल सर्च. सर्व्हर चालू आहे, बघितलाय. सोमवारच्या आत उपाय पाहिजे, साहेब डोक्यावर बसलाय.

नेटवर्कभट: निम्मे म्हणजे कोण? ब्राउझर कोणता? पुढे 'एचटीटीपी' आणि दोन तिरक्या रेघा लावून टाकल्यावर काय होतं?

सासष्टीकर: एवढा खटाटोप कशाला? बिटली वापरा, लिंक छोटी करून देणारी साइट, दोन मिनिटांचं काम. आम्ही लग्नाच्या आमंत्रणाला वापरलेलं.

नेटवर्कभट: लग्नाला ठीक. पगाराच्या पोर्टलचा पत्ता बाहेरच्या सर्व्हरवर कशाला ठेवायचा?

मांडवीकाठ: 'गो' म्हणून आमच्याकडे बायकांना हाक मारतात. पुरुषांसाठी 'रे/सुट्टी' काढा.

वेर्णा_शिफ्ट: क्रोमच आहे सगळीकडे. एचटीटीपी लावलं तर 'साइट सापडत नाही'. ऑफिसात बसलेल्यांचं चालतं, घरून काम करणाऱ्यांचं नाही. पाऊस लागल्यापासून निम्मे घरूनच आहेत ना.

नेटवर्कभट: अहो, हेच आधी सांगायचं! 'गो' हे अर्धंच नाव. त्याच्यापुढे कंपनीचं डोमेन (नेटवरच्या पत्त्याचा उरलेला भाग) मशीन स्वतः जोडतं, आणि काय जोडायचं ते ऑफिसचा डीएचसीपी, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या मशीनला सेटिंग देणारा, सांगतो. घरचा राउटर कुठून सांगणार? व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित रस्ता) लावून गोच्या पुढे डोमेन जोडून पूर्ण पत्ता टाका. उघडला तर सर्व्हर निर्दोष, व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये डीएनएस सफिक्स, म्हणजे नावापुढे जोडायचं ते डोमेन, घालायचा राहिलाय.

पेडण्याचो: होस्ट्स फाइलमध्ये (मशीनमधली नावं आणि त्यांचे आयपी पत्ते यांची यादी) एक ओळ टाक रे बाबा, झालं. मी दहा वर्षं तेच करतो.

नेटवर्कभट: चाळीस लॅपटॉपांवर हाताने? आणि सर्व्हरचा आयपी बदलला की पुन्हा चाळीस?

पेडण्याचो: आमचा कधी बदलला नाही.

सासष्टीकर: ही लिंकांची पद्धत गूगलच्याच ऑफिसातून पसरली ना? मग गूगल उघडतो यात नवल काय 😀

वेर्णा_शिफ्ट: पूर्ण पत्ता उघडला! व्हीपीएनवाल्याकडून सफिक्स घालून घेतला, आता गो/पगारसुद्धा चालतं. पण गो/सुट्टीवर काहींना अजून मार्चचा जुना फॉर्म दिसतो. लिंक मी गेल्या आठवड्यातच बदललीय.

नेटवर्कभट: रीडायरेक्ट, म्हणजे छोट्या लिंकवरून खऱ्या पत्त्यावर पाठवणं, 301 ठेवलाय का? तो कायमचा समजून ब्राउझर लक्षात ठेवतो, सर्व्हरला पुन्हा विचारतच नाही. 302 (तात्पुरता) करा, आणि त्या लोकांना कॅशे (ब्राउझरने साठवलेलं) साफ करायला सांगा.

वेर्णा_शिफ्ट: 301च होता. कुठून तरी कॉपी केलेला 🙏

मांडवीकाठ: ते गो/बसमध्ये काणकोणची संध्याकाळची बस आहे का?